पास्कल, एनव्हीडीए आणि दूध संस्थेचा हिशेब : भाषेचे आणि साधनांचे काही प्रश्न

रानवाट

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात बीसीए करते. मला दिसत नाही, लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम वापरते. आमच्या गावच्या दूध संस्थेत काका सचिव आहेत. दोन वेळा दूध येतं, दर दहा दिवसांनी बिलं निघतात आणि सगळा हिशेब अजून वहीत. तो कॉम्प्युटरवर आणायचा म्हणून मी फ्री पास्कल, म्हणजे पास्कल भाषेतला प्रोग्रॅम चालण्याजोगा करून देणारा फुकट कंपायलर, उतरवून घेतलं आहे. भाषा आवडली आहे, पण काही ठिकाणी गाडी अडली आहे.

पहिलं म्हणजे लिहायचं कशात? लाझारस, म्हणजे फ्री पास्कलसाठीचं प्रोग्रॅम लिहायचं साधन, उघडलं की मेनू बोलतात, कोडच्या खिडकीत गेलं की आवाज बंद. माझ्या मशीनवरच असं होतं की सगळीकडे?

दुसरं, इफ आणि एल्स लिहिलं की कंपायलर म्हणतो, सेमीकोलन हवा होता पण एल्स सापडला. सेमीकोलन तर एल्सच्या आधी दिलेला आहे.

तिसरं, सभासदांची नावं. नावासाठी मी स्ट्रिंग (मजकूर ठेवायची जागा) 20 ची ठेवली आहे. राम आणि बाळू जसेच्या तसे येतात. लक्ष्मणचं शेवटचं अक्षर जातं आणि तिथे एनव्हीडीए काहीतरी भलतंच उच्चारतो. नाव तर तीन अक्षरी आहे, मग वीसमध्ये का मावत नाही?

चौथं, बिलात कुठे कुठे एक पैसा कमी येतो. काकांच्या कॅल्क्युलेटरवर बरोबर येतो.

एक विनंती. स्क्रीनशॉट टाकू नका, चित्रातलं मला काही कळत नाही. आणि कोडच्या ओळी उच्चाराप्रमाणे देवनागरीतच लिहा, म्हणजे माझा मराठी आवाज सलग वाचतो. टाईप करताना मी रोमनमध्ये करीन.

निपाणीचे_मास्तर

बाळ, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, बाकीचं जाणती मंडळी देतील.

पास्कलमध्ये सेमीकोलन वाक्य संपवत नाही, दोन वाक्यांच्या मधे उभा राहतो. "इफ फॅट मोठं शून्याहून, देन हे कर, एल्स ते कर" हे सगळं मिळून एकच वाक्य आहे. त्याच्या पोटात एल्सच्या आधी सेमीकोलन दिलास की कंपायलरच्या लेखी इफचं वाक्य तिथेच संपलं. मग पुढे आलेला एल्स त्याला बेवारस वाटतो. सी मध्ये उलट आहे, तिथे सेमीकोलन वाक्याचाच भाग असतो, म्हणून सी करून आलेल्या मुलांना हे हमखास नडतं. एल्सच्या लगेच आधी सेमीकोलन नाही, एवढं हाताला लावून घे. देनच्या खाली बिगिन-एंड असेल तर त्या एंडनंतरही नाही.

तुला ही चूक ऐकू का आली नाही याचं कारण वेगळं असेल. स्क्रीन रीडर वाचताना सेमीकोलन गाळत असेल, तर तो आहे की नाही हे कळायचं कसं? ते कोणीतरी सांगा.

निकलाउस वर्थ यांनी झुरिचच्या ईटीएचमध्ये ही भाषा रचली आणि 1970 मध्ये प्रसिद्ध केली, ती प्रामुख्याने मुलांना शिस्तीने प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी. 1 जानेवारी 2024 ला ते गेले. मी टर्बो पास्कलवर मुलांना शिकवलेलं आहे, त्यामुळे तू पास्कल घेतलीस हे वाचून फार बरं वाटलं.

शहापूर_पेठ

रानवाट, मीही एनव्हीडीएवरच काम करतो, कित्येक वर्षं. तुझ्या मशीनमध्ये काही बिघाड नाही.

लाझारसचा संपादक ही विंडोजची तयार लिहिण्याची चौकट नाही. सिनएडिट नावाचा घटक तिथे अक्षरं स्वतः रंगवतो. स्क्रीन रीडर विंडोजला विचारतो, या चौकटीत काय मजकूर आहे, कर्सर कुठे आहे. रंगवलेल्या चौकटीकडून त्याला उत्तर मिळत नाही. बटणं वगैरेंचे गुणधर्म भरायच्या ऑब्जेक्ट इन्स्पेक्टर खिडकीचंही तेच. फ्री पास्कलबरोबर येणारा एफपी नावाचा निळा मजकुरी संपादक आहे, त्यात अक्षरं वाचता येतात, पण मेनूतली कोणती ओळ निवडलेली आहे हे फक्त रंगाने कळतं. म्हणून त्याच्याही मागे लागू नकोस.

संपादक वेगळा आणि कंपायलर वेगळा ठेव. मी नोटपॅड प्लस प्लसमध्ये लिहितो. त्यातला लिहिण्याचा घटक सिंटिला आहे आणि एनव्हीडीए त्याला ओळखतो. ओळ, शब्द, अक्षर, सगळं नीट वाचतो. कंट्रोल जी दाबून ओळीचा आकडा दिला की थेट त्या ओळीवर. मग कमांड प्रॉम्प्टवर (एफपीसी म्हणजे फ्री पास्कलचा कंपायलर):

एफपीसी, जागा, डॅश जीएल, जागा, दूध डॉट पीएएस, जागा, मोठं-चिन्ह, जागा, चुका डॉट टीएक्सटी

कंपायलरचं सगळं बोलणं चुका नावाच्या फाईलमध्ये जाऊन बसतं. ती उघडायची आणि बाण खाली खाली दाबत निवांत ऐकायची. प्रत्येक चुकीत फाईलचं नाव, मग कंसात ओळ आणि स्तंभ, मग चूक काय ते. पहिली चूक दुरुस्त कर आणि पुन्हा कंपाईल कर. खालच्या बऱ्याचशा चुका पहिलीच्याच पोटी आलेल्या असतात.

मास्तरांनी विचारलं ते बरोबर आहे. एनव्हीडीए की आणि पी दाबलं की विरामचिन्हं किती बोलायची ते बदलतं. कोडसाठी "सर्व" वर ठेव. रोजच्या वाचनात ते डोकं खाईल, म्हणून एनव्हीडीए, कंट्रोल आणि पी दाबून संपादकापुरतं वेगळं प्रोफाइल कर. संपादक समोर आला की चिन्हं सुरू, बाहेर पडलं की बंद. कोलन-बरोबर आणि नुसतं बरोबर यातला फरकही मग कानाला लागतो. पास्कलमध्ये पहिलं म्हणजे किंमत देणं, दुसरं म्हणजे तुलना.

चिकोडीकर

मधेच विचारतो, राग मानू नका. एवढा खटाटोप करण्यापेक्षा पायथॉन का नको? सगळीकडे तेच चाललंय की. अंध मुलांसाठी पास्कल सुचवण्यात काही खास कारण आहे का?

शहापूर_पेठ

राग कसला. मी नोकरीत पायथॉनही लिहितो. पायथॉनमध्ये ओळ किती आत सरकली आहे यावर प्रोग्रॅमचा अर्थ ठरतो. एनव्हीडीएमध्ये एनव्हीडीए, कंट्रोल आणि डी दाबून दस्तऐवजाच्या मांडणीत गेलं की ओळीचं सरकणं बोलून किंवा सुरांनी सांगायची सोय आहे. सूर चढत गेला की ओळ जास्त आत. सरावाने जमतं. पण लांबलचक फंक्शनमध्ये आपण कुठल्या लूपच्या पोटात आहोत हे त्या सुरावरून लक्षात ठेवायचं म्हणजे सतत कान टवकारून बसणं आलं.

पास्कल ते शब्दांत सांगते. बिगिन ऐकू आलं, आत शिरलो. एंड ऐकू आलं, बाहेर आलो. ओळ किती सरकली आहे याला अर्थाच्या दृष्टीने काही किंमतच नाही. मी लूपच्या प्रत्येक एंडपुढे दोन तिरक्या रेघा देऊन तो कशाचा एंड ते लिहितो : एंड, सभासदांचा फॉर. ऐकताना हातात दोरी असल्यासारखं होतं.

आणि दुसरं, पास्कलला लहान-मोठ्या लिपीचा फरक नाही. नाव कॅपिटल अक्षराने सुरू केलं काय आणि लहान अक्षराने काय, तिच्या लेखी तेच. स्क्रीन रीडर अख्खी ओळ वाचताना कॅपिटल अक्षर वेगळं सांगेलच असं नाही. सी किंवा पायथॉनमध्ये एवढ्याशा फरकाने दोन वेगळी नावं होतात आणि कानाला ती एकसारखीच येतात. अशा चुका शोधण्यात माझे किती तास गेलेत. पास्कलमध्ये ही चूक होऊच शकत नाही.

तिसरं, प्रत्येक नाव वापरण्याआधी व्हार खाली जाहीर करावं लागतं. नवीन फाईल हातात आली की आधी तो भाग ऐकायचा. प्रोग्रॅममध्ये कोणकोण आहे हे कळून मग पुढे जायचं.

दिसणाऱ्याला या तिन्ही गोष्टी किरकोळ वाटतील. कानाने लिहिणाऱ्याला रोजच्या कामात त्यांचा फार आधार असतो, हे मी अगदी मनापासून सांगतो.

वडगाव_माग

मी दिसणारी आहे, पण माझ्या टीममध्ये एक सहकारी स्क्रीन रीडरवर काम करतो, त्याच्याकडे पाहून सांगते. रानवाट, पुढे फाईली वाढल्या की व्हीएस कोड हा संपादक बघ. मायक्रोसॉफ्टचं आहे, फुकट आहे आणि स्क्रीन रीडरचा विचार करून बांधलेलं आहे. ऑल्ट आणि एफ1 दाबलंस की तू जिथे आहेस तिथल्या कळांची मदत ते वाचून दाखवतं. पास्कलसाठी एक्स्टेन्शन घालावं लागतं. कंपाईल करण्याचं टास्क एकदा लिहून ठेवायचं आणि त्यात फ्री पास्कलच्या संदेशाचा साचा सांगायचा : आधी फाईल, मग कंसात ओळ आणि स्तंभ, मग चूक. तेवढं केलं की कंट्रोल, शिफ्ट आणि बी ने कंपाईल, आणि एफ8 ने एका चुकीवरून पुढच्या चुकीवर उडी. दर वेळी कर्सर त्या जागी जातो आणि चूक वाचली जाते.

आत्ता लगेच नको गं. ते टास्क लिहिणं हाच एक वेगळा अभ्यास होऊन बसेल. आधी दादांनी सांगितलेली नोटपॅडची वाट धर.

रानवाट

चिन्हं "सर्व" वर केली. एल्सच्या आधीचा सेमीकोलन आता स्पष्ट ऐकू येतो. काढला, चाललं! मास्तर काका, दादा, ताई, मनापासून आभार.

लक्ष्मणचं कोणीतरी सांगा. आमच्याकडे मल्लाप्पा, बसवण्णा, लक्ष्मण अशीच नावं जास्त आहेत आणि सगळीच तुटतात.

शहापूर_पेठ

हे जरा बैजवार सांगतो, कारण आपल्या भागात दोन लिप्यांशी काम पडतं.

स्ट्रिंग 20 मधले 20 म्हणजे वीस अक्षरं नव्हेत, वीस बाईट. यूटीएफ-8 या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाईट लागते, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. चिन्ह म्हणजे सुटं अक्षर, काना, वेलांटी, मात्रा, हलन्त, प्रत्येक वेगळं. लक्ष्मण सोडवून मांड : ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, ण. सात चिन्हं, एकवीस बाईट. तुझी जागा वीसची. म्हणजे ण च्या तीनपैकी दोनच बाईट आत आल्या. अर्धवट उरलेल्या त्या दोन बाईटचं कुठलंच अक्षर होत नाही, म्हणून एनव्हीडीए तिथे भलतंच बोलतो. राम म्हणजे तीन चिन्हं, नऊ बाईट. बाळू चार, बारा बाईट. दोघे आरामात बसतात. मल्लाप्पा नऊ चिन्हांचा, सत्तावीस बाईट.

कन्नड लिपीचंही गणित हेच, प्रत्येक चिन्हाला तीन बाईट. संस्थेला कन्नडमध्ये यादी द्यावी लागत असेल तर तिथेही हेच धरून चाल.

आता उपाय. फाईलच्या अगदी वर ही ओळ टाक :

महिरपी कंस सुरू, डॉलर, मोड, जागा, ऑब्ज-एफपीसी, महिरपी कंस बंद. मग तशाच कंसात डॉलर एच प्लस. मग तशाच कंसात डॉलर आर प्लस.

फ्री पास्कल काही न सांगता चालवलं तर नुसती स्ट्रिंग म्हणजे जुनी छोटी स्ट्रिंग, जास्तीत जास्त 255 बाईट. म्हणजे देवनागरीची 85 चिन्हं. एच प्लस दिलं की स्ट्रिंगची लांबी हवी तेवढी वाढते, मग कंसात आकडा न देता नुसतं स्ट्रिंग लिही. मोडच्या ओळीने आणखी एक गोष्ट होते. मूळ मोडमध्ये इंटिजर सोळा बिटांचा असतो, 32767 च्या पुढे जात नाही. पैशांत मोजायचं म्हटलं तर सव्वातीनशे रुपयांतच आकडा फुटेल. ऑब्ज-एफपीसी मोडमध्ये तो बत्तीस बिटांचा होतो. आणि आर प्लस म्हणजे ठरवलेल्या हद्दीबाहेर किंमत गेली की प्रोग्रॅम तिथेच थांबून रनटाइम एरर 201 सांगतो. वर दिलेल्या डॅश जीएलमुळे त्याबरोबर ओळीचा आकडाही मिळतो.

लेंग्थ हे फंक्शनसुद्धा बाईटच मोजतं. "मराठी" ची लेंग्थ 15 येईल. चिन्हं मोजायची असतील तर लाझारसच्या लेझ-यूटीएफ8 युनिटमधलं यूटीएफ8-लेंग्थ वापर, ते 5 सांगेल.

एक सावधगिरी. नावं रेकॉर्डमध्ये ठेवून "फाईल ऑफ" त्या रेकॉर्डची करणार असशील, तर लांबी वाढणारी स्ट्रिंग तिथे चालत नाही, कंपायलर स्वतःच अडवतो. तसल्या फाईलमध्ये प्रत्येक रेकॉर्ड ठराविक मापाचं असावं लागतं. माझा सल्ला, ती वाटच सोड आणि साधी टेक्स्ट फाईल कर. एका ओळीत एक सभासद, मधे स्वल्पविराम. ती तुला नोटपॅडमध्ये उघडून ऐकता येते. बायनरी फाईल बिघडली तर ती उघडून कानाने तपासायची सोय नाही.

सोर्स फाईल यूटीएफ-8 मध्ये, बॉमशिवाय (फाईलच्या सुरुवातीच्या यूटीएफ-8 च्या खुणेशिवाय) जतन कर. आणि मराठी मजकूर कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत छापत बसू नकोस, तिथे देवनागरी धड उमटत नाही. बिल फाईलमध्ये लिही आणि फाईल उघडून ऐक.

निपाणीचे_मास्तर

शहापूरकरांनी छान फोड करून सांगितलं. रानवाट, तुमचा दर कसा ठरतो? नुसत्या फॅटवर, की फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) दोन्हींवर?

रानवाट

दोन्हींवर, काका. भिंतीवर छापील दरपत्रक आहे. उभ्या बाजूला फॅट, आडव्या बाजूला एसएनएफ, जुळेल त्या चौकोनात दर. मी ते इफ-एल्सने लिहायला घेतलं होतं, पण फार लांबत चाललंय.

निपाणीचे_मास्तर

मग तुझ्या कामाला पास्कलसारखी भाषा नाही. इफ-एल्स सगळे काढून टाक.

बहुतेक भाषांत ॲरे, म्हणजे एकाच नावाखालची क्रमांक दिलेल्या किमतींची रांग, शून्यापासूनच सुरू होतो. पास्कलमध्ये तो कुठल्या आकड्यापासून कुठल्या आकड्यापर्यंत हे आपण ठरवतो. फॅट 6.5 असेल तर तो 65 लिहायचा, म्हणजे दशांशात मोजायचा. एसएनएफ 8.7 म्हणजे 87. हद्द ठरवून टाईप जाहीर कर :

टाईप टीफॅट बरोबर 30, दोन टिंबं, 120
टीएसएनएफ बरोबर 75, दोन टिंबं, 100
टीसत्र बरोबर, कंसात, सकाळ, स्वल्पविराम, संध्याकाळ

मग दरपत्रक म्हणजे "ॲरे, चौकटी कंसात टीफॅट, टीएसएनएफ, ऑफ लाँगइंट". आत दर पैशांत. भिंतीवरचा तक्ता जसाच्या तसा प्रोग्रॅममध्ये आला. दर काढायला "दर, चौकटी कंसात 65, 87" एवढं पुरे. शून्यापासून मोजणी नाही, अधिक-वजा काही नाही. हद्दी तुमच्या तक्त्याप्रमाणे बदलून घे.

फॅट 6.5 हा अपूर्णांक तसाच ठेवून हद्द घालता येत नाही. अशी हद्द फक्त मोजता येणाऱ्या प्रकारांना घालता येते, रिअलला नाही. म्हणून दशांशात मोजायचं.

दूध ठेवायला "ॲरे, चौकटी कंसात 1 ते 31, टीसत्र". तारीख पाच, संध्याकाळ, असं थेट विचारता येतं. ऐकतानाही "दूध, पाच, संध्याकाळ" असंच वाचलं जातं. शहापूरकर म्हणाले ते हेच, अर्थ शब्दांतच ऐकू येतो. प्रोग्रॅममध्ये ही नावं रोमनमध्येच लिहावी लागतील, फ्री पास्कल नावांत देवनागरी घेत नाही. कोणी गडबडीत फॅट 650 टाकलं तर आर प्लसमुळे प्रोग्रॅम जागच्या जागी थांबेल, चुकीचं बिल निघणार नाही.

रानवाट

मास्तर काका, हे करून बघितलं! इफ-एल्सची अख्खी रांग गेली आणि एका ओळीत दर मिळतो. आमच्या सचिव काकांना ऐकवलं तर ते म्हणाले, हा तर आपला तक्ताच बोलायला लागला.

पण फॅट चुकीचं टाकलं म्हणून प्रोग्रॅमच बंद पडला तर संस्थेत रांग खोळंबेल. थांबण्याऐवजी पुन्हा विचारायला कसं लावायचं? आणि तो पैशाचा फरक अजून आहेच.

वडगाव_माग

पहिल्याचं मी सांगते. आकडा थेट आकड्यात वाचू नकोस, आधी स्ट्रिंगमध्ये वाच. मग व्हॅल नावाचं प्रोसिजर वापर. त्याला स्ट्रिंग, आकडा आणि कोड अशा तीन गोष्टी द्यायच्या. सगळं बरोबर असेल तर कोड शून्य, नाहीतर कितव्या जागी चूक आहे तो आकडा. कोणी 6 च्या पुढे चुकून अक्षर दाबलं तर कोड 2 येईल. व्हॅलला दशांश चिन्ह नेहमी टिंबच लागतं, विंडोजच्या सेटिंगचा त्याच्याशी संबंध नाही, हे बरंच आहे. मग हद्दीत आहे का ते तपास आणि नसेल तर रिपीट-अनटिलने पुन्हा विचार. आर प्लस तरीही चालूच ठेव, तो शेवटचा राखणदार.

शहापूर_पेठ

पैशाचं मी सांगतो. राउंड वापरते आहेस ना?

फ्री पास्कलचा राउंड बरोबर अर्ध्यावर आला की जवळच्या सम आकड्याकडे वळतो. राउंड 2.5 म्हणजे 2 आणि राउंड 3.5 म्हणजे 4. या रीतीचं कारण असं की दर वेळी वरच्या बाजूला ओढलं तर बेरीज फुगत जाते. संस्थेत मात्र अर्धा पैसा नेहमी वर धरत असणार, आणि शेतकऱ्याचा बिलावरचा विश्वास हा कुठल्याही रीतीपेक्षा मोठा. तेव्हा त्यांच्या रीतीने कर.

साडेसात लिटर दूध, दर 36 रुपये 35 पैसे. लिटर शंभराच्या पटीत ठेव, म्हणजे 750. दर 3635 पैसे. गुणाकार 2726250. याला शंभराने भागलं की 27262.5 पैसे. राउंड सम आकडा म्हणून 27262 देईल. काकांचा कॅल्क्युलेटर 27263. तुझा हरवलेला पैसा हाच.

अपूर्णांक सगळे बाजूला ठेव. गुणाकारात 50 मिळव आणि डिव्ह 100 कर. 2726300 डिव्ह 100 म्हणजे 27263. डिव्ह हा पूर्णांकांचा भागाकार आहे, खालचं सगळं टाकून देतो. बिलाच्या अगदी शेवटी डिव्ह 100 ने रुपये आणि मॉड 100 ने पैसे वेगळे काढ. पैसे दहापेक्षा कमी असतील तर आधी शून्य छापायला विसरू नकोस, नाहीतर 5 पैशांचे 50 वाचले जातील. वर्षाच्या बेरजेसाठी इंट64, म्हणजे चौसष्ट बिटांचा मोठा पूर्णांक घे.

रिअलमध्ये पैसे कधीच ठेवू नकोस. 0.1 सारखा साधा आकडासुद्धा बायनरीत नेमका मावत नाही.

संकेश्वरी

मीही नवीनच शिकतेय, याच धाग्यात विचारते. बेरीज करणारं प्रोसिजर लिहिलं, आत बेरीज बरोबर होते, बाहेर आल्यावर जुनाच आकडा. असं का?

निपाणीचे_मास्तर

प्रोसिजरच्या कंसात त्या नावाआधी व्हार लिही. व्हार नसेल तर प्रोसिजरला आकड्याची नक्कल मिळते, ते नकलेवरच काम करतं आणि नक्कल तिथेच संपते. व्हार दिलं की मूळ आकडाच हातात येतो. एकच उत्तर बाहेर आणायचं असेल तर प्रोसिजरऐवजी फंक्शन कर आणि ऑब्ज-एफपीसी मोडमध्ये आत रिझल्टला किंमत दे.

रानवाट

एक पैसाही हलत नाही आता! जुन्या वहीतली बिलं घालून पाहिली, जुळतात.

काकांचं म्हणणं आहे की हे काळ्या खिडकीत न राहता खिडक्या-बटणांत यावं. त्यांच्यानंतर जे बसतील त्यांना सोपं जाईल. पण मला फॉर्मवर माऊसने बटण ओढून ठेवता येणार नाही. आणि जे होईल ते मलाही वापरता आलं पाहिजे, नाहीतर दुरुस्त कोण करणार?

शहापूर_पेठ

माऊस लागत नाही. लाझारसचा फॉर्म ज्या एलएफएम फाईलमध्ये राहतो ती साधा मजकूर आहे. ऑब्जेक्ट, नाव, कोलन, प्रकार, खाली लेफ्ट, टॉप, विड्थ, कॅप्शन, शेवटी एंड. ती नोटपॅडमध्ये लिही. नाहीतर सगळी बटणं कोडमध्येच तयार कर : टीबटन डॉट क्रिएट, मग पेरेंट म्हणून फॉर्म. मी हेच करतो, कारण जे आहे ते एकाच फाईलमध्ये ऐकायला मिळतं. बांधायला लाझारस उघडायचीही गरज नाही, लेझबिल्ड नावाचा प्रोग्रॅम कमांड प्रॉम्प्टवरून प्रोजेक्ट बांधून देतो.

पण कोणते घटक घ्यायचे यावर सगळं अवलंबून आहे. टीएडिट, टीबटन, टीचेकबॉक्स, टीकॉम्बोबॉक्स, टीमेमो, टीलिस्टबॉक्स हे विंडोजवर विंडोजचेच मूळ घटक असतात. ते एनव्हीडीए आपोआप वाचतो. टीस्ट्रिंगग्रिड स्वतःला रंगवतो, त्यातले चौकोन वाचले जाणार नाहीत. बिलाच्या यादीसाठी रिपोर्ट पद्धतीत ठेवलेला टीलिस्टव्ह्यू घे. टीस्पीडबटनवर टॅबने जाता येत नाही, तो नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, टीलेबल. त्याला स्वतःची खिडकी नसते, तो फॉर्मवर नुसता रंगवला जातो. मग एडिटवर गेलीस की एनव्हीडीए फक्त "संपादन" म्हणतो, कशाचं ते सांगत नाही. त्याऐवजी टीस्टॅटिकटेक्स्ट घे आणि ज्या एडिटचं ते नाव आहे त्याच्या लगेच आधी तयार कर. विंडोज एडिटच्या आधीचा स्थिर मजकूर त्याचं नाव म्हणून धरतं. मग "फॅट, संपादन" असं ऐकू येईल. टॅबचा क्रमही वहीतल्या रकान्यांप्रमाणे लाव : सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ, नोंद करा.

असा फॉर्म दिसणाऱ्यांनाही जास्त वेगाने वापरता येतो. सकाळच्या रांगेत माऊसला हात लावायला वेळ कुणाला असतो?

वडगाव_माग

दादांच्या त्या लेबलच्या गोष्टीवर आम्हा दिसणाऱ्या प्रोग्रॅमरांनी खरंच लक्ष द्यायला हवं. आमच्या डोळ्यांना टीलेबल आणि टीस्टॅटिकटेक्स्ट हुबेहूब सारखे दिसतात, म्हणून आम्ही विचारही करत नाही. बेळगावात दुकानं, पतसंस्था, शाळा यांच्यासाठी इतके लहान प्रोग्रॅम लिहिले जातात. त्यातला एकेक बदलायला फार तर एक दुपार लागेल. मी माझे बदलायला घेतले आहेत.

चिकोडीकर

रानवाट, हा प्रोग्रॅम तयार झाला की आमच्या गावच्या संस्थेलाही देशील का? आणि सभासदांची यादी नावाप्रमाणे लावून मिळेल का? इथे एक्सेलमध्येच सगळं बघतात.

रानवाट

नक्की देईन. आधी काकांच्या संस्थेत एक बिल वहीच्या जोडीने निघू दे, दोन्ही जुळलं की देते. नावाप्रमाणे लावणं मी तुलना करून केलंय, पण काळे आधी येतात आणि कावळे नंतर. वहीत उलट आहे. शिवाय एक्सेलमध्ये मराठी नावांच्या जागी काहीतरी कचरा दिसतो म्हणे.

शहापूर_पेठ

युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे आणि व च्या आधी आहे. साधी तुलना बाईटप्रमाणे होते, म्हणून काळे आधी. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर येतो, वही तशी लावलेली असणार. क्ष चंही तसंच, तो क च्या पोटात जातो. वर्णमालेप्रमाणे हवं असेल तर प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रम देणारा एक तक्ता करून त्यावरून तुलना करावी लागेल. तो पुढच्या आठवड्यात इथेच लिहितो. तोवर सभासद क्रमांकाप्रमाणे लाव, संस्थेत माणसं क्रमांकानेच ओळखतात.

एक्सेलसाठी सीएसव्ही फाईलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या टेक्स्ट फाईलमध्ये, सगळ्यात आधी बॉमच्या तीन बाईट लिही : हॅश डॉलर ईएफ, हॅश डॉलर बीबी, हॅश डॉलर बीएफ, सलग, मधे काही न घालता. मग पहिली ओळ. बॉम सोर्स फाईलला नको म्हटलं होतं, इथे मात्र हवा. त्यावरून एक्सेलला कळतं की पुढचा मजकूर यूटीएफ-8 आहे.

रानवाट

टाकले. काकूने एक्सेल उघडून पाहिलं, लक्ष्मण पाटील पूर्ण दिसतोय. आता टीलिस्टव्ह्यूकडे वळते. अडलं की इथेच विचारीन.